पान कुठलं, झाड कुठलं

भाद्रपदातली सकाळ होती, रात्रभर भुरभुर पाऊस झालेला. पारगावकडचे एक काका मोटारसायकल अंगणात लावून आत आले आणि शर्टाच्या खिशातून लिंबाचं एक पान काढून माझ्या हातावर ठेवलं. पान दोन ठिकाणी मोडलेलं, घामानं ओलं झालेलं, त्यावर पाच-सहा तपकिरी ठिपके.

"मॅडम, हे काय पडलंय तेवढं सांगा. औषध मी जाता जाता घेऊन जातो."

मी नाव सांगितलं नाही. विचारलं, "काका, हे पान शेंड्याचं का बुडाचं? झाड बांधाकडचं का मधलं? सगळ्या बागेत आहे का चार-दोन झाडांवरच?"

काका गप्प झाले. पान त्यांच्या मुलानं तोडून दिलं होतं.

श्रीगोंदा तालुक्यात माझं सासर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शिकले आणि लग्न होऊन इथं आले, तेव्हा सासऱ्यांची दीड एकर कागदी लिंबाची बाग होती. २० बाय २० फुटांवर लावण, म्हणजे एकरी साधारण १०८ झाडं. घोड आणि कुकडीच्या पाण्यावर आमच्या भागात ऊस वाढला, पण हलक्या जमिनीवर, कमी पाण्यावर घर चालवलं ते लिंबानं. वनस्पतींचे रोग हा माझा कॉलेजातला जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे हळूहळू शेजारचे, मग शेजारच्या गावचे लोक पानं घेऊन यायला लागले. मी औषधं विकत नाही. कदाचित म्हणूनही येत असतील.

सगळ्यांना मी एकच सांगते. सुटं पान आणू नका. वीतभर फांदी आणा, शेंड्याच्या कोवळ्या पालवीपासून खालच्या जुन्या पानापर्यंत. ती वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. पिशवीत पान घामेजतं, सडायला लागतं आणि मूळ डागावर दुसरीच बुरशी चढते. मग मी ज्याचं निदान करते तो आजार झाडाचा नसतो, पिशवीतला असतो. आणि बांधावर उभं राहून अख्ख्या बागेचा एक फोटो काढा. डाग कसा आहे हे पान सांगतं; डाग कुठं कुठं आहे हे बाग सांगते. माझा अनुभव असा, की दुसऱ्या गोष्टीतून जास्त कळतं.

आता कागदी लिंबाच्या पानावर डाग म्हटलं की आमच्याकडे पहिलं नाव निघतं खैऱ्याचं. इंग्रजीतला कँकर. सुकल्यावर डागाचा रंग अगदी काताचा होतो, त्यामुळे खैरावरून पडलेलं हे नाव मला फार पटतं. हा रोग बुरशीचा नाही, झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा आहे, आणि लिंबूवर्गीय झाडांमध्ये कागदी लिंबू त्याला सगळ्यात लवकर बळी पडतं.

खैऱ्या ओळखायला मला शिकवलं सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी. मामांना शेवटी शेवटी चष्मा लावूनही बारीक दिसत नसे. ते पान चिमटीत धरायचे, अंगठा वरून आणि तर्जनी खालून फिरवायचे. दोन्ही बोटांना एकाच जागी खरखर लागली की म्हणायचे, "खैऱ्या हाय." एकाच बाजूनं लागली किंवा लागलीच नाही, तर पान बाजूला ठेवायचे. पुस्तकात मी हेच वाचलं होतं, फक्त बोटांशिवाय. खैऱ्याचा डाग पानाच्या दोन्ही अंगांना फुगून वर येतो, बुचासारखा कोरडा आणि खडबडीत होतो, मध्ये खळगा पडतो. बुरशीचे बहुतेक ठिपके सपाट राहतात किंवा आत दबतात.

बोटांनंतर डोळे. पान उन्हाकडे धरलं की खैऱ्याच्या डागाभोवती पिवळं वलय उजळून दिसतं. पिवळ्याच्या आत, डागाच्या अगदी काठाशी, तेलकट ओलसर कडा असते. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असेल तर ती कडा नीट दिसते. मी ते भिंग चावीच्या जुडग्याला अडकवूनच ठेवलंय. तरीही शंका राहिली, तर प्रयोगशाळेत डागाच्या काठाची बारीक चकती कापून स्वच्छ पाण्याच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जिवाणू असतील तर कापलेल्या कडेतून दुधट धूर पाण्यात सुटताना दिसतो. राहुरीला पहिल्यांदा तो धूर पाहिला तेव्हा मी डोळा काचेवरून हलवायला तयार नव्हते. लाखो जिवंत जीव एका ठिपक्यातून बाहेर पडत होते आणि ते असे शांतपणे, चुलीतल्या ओल्या लाकडाच्या धुरासारखे.

हा रोग आपल्या मातीत किती जुना आहे याचा एक पुरावा लंडनमधल्या क्यू इथल्या वनस्पतिसंग्रहात आहे. १८२७ ते १८३१ या काळात भारतातून नेलेल्या महाळुंगाच्या वाळवलेल्या पानांवर फॉसेट आणि जेंकिन्स या संशोधकांना खैऱ्याचे डाग सापडले. त्यांनी ते १९३३ साली प्रसिद्ध केलं. कोणीतरी ते पान तोडलं, कागदावर चिकटवलं, जहाजानं पाठवलं, आणि त्याबरोबर रोगाची नोंदही शंभर वर्षं जपून ठेवली गेली. अमेरिकेत फ्लोरिडात हाच रोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचला. तिथं १९९५नंतर पुन्हा फैलाव झाल्यावर रोगी झाडापासून १९०० फुटांच्या आतली लिंबूवर्गातली सगळी झाडं, निरोगीसुद्धा, तोडायचा नियम केला होता. लोकांच्या परसातली लिंबंही गेली. चक्रीवादळांनी जिवाणू इतका दूरवर पसरवला की २००६ साली तो कार्यक्रम सोडून द्यावा लागला.

वाऱ्याची ही गोष्ट आपल्या बागेलाही तशीच लागू आहे. जिवाणू स्वतः उडत नाही. पावसाच्या थेंबाबरोबर डागावरून निघतो आणि कोवळ्या पानाच्या श्वासरंध्रातून आत जातो. वारा सेकंदाला ८ मीटरच्या पुढे गेला की ते पाणी रंध्रात अक्षरशः ढकललं जातं. म्हणून बांधावर शेवरीची दाट रांग असलेल्या बागेत खैऱ्या कमी आणि उघड्या माळावर जास्त दिसतो. पान जून झालं की रंध्रातून शिरकाव जवळपास थांबतो. कोवळी पालवी, म्हणजे आपण जिला नवती म्हणतो, तिचे पहिले काही आठवडे धोक्याचे.

आणि ह्याच नवतीवर दुसरा पाहुणा येतो, नागअळी. तिचा पतंग इतका बारीक की बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. अंडी कोवळ्या पानावर, आणि अळी पानाच्या पातळ त्वचेखाली शिरून नागमोडी चालत जाते. मागे चांदीसारखी चकचकीत वाट, वाटेच्या मधोमध तिच्या विष्ठेची काळी रेघ. पान त्या बाजूला आखडतं, वळतं, कडा मुडपते. त्या मुडपलेल्या कडेतच अळी कोष करते. नखानं कड उलगडली तर कोष सापडतो.

लोक माझ्याकडे वाकडं पान आणि डागाळलेलं पान एकत्र आणतात आणि एकच रोग समजतात. इथं ते अर्धे बरोबर असतात. नागअळी खैऱ्या आणत नाही, पण त्याला दार उघडून देते. फाटलेल्या त्वचेतून जिवाणूला रंध्र शोधायचीही गरज उरत नाही, आणि मग गोल ठिपक्याऐवजी अळीच्या वाटेनं लांबलचक, वळणावळणाचा खैऱ्या उमटतो. असं पान दिसलं की मी सांगते, या झाडाला खैऱ्याच्या औषधाआधी नवतीवरच्या अळीचा बंदोबस्त हवा. अळीचं दार बंद केलं तर खैऱ्याही पुष्कळ आटोक्यात येतो.

आमच्या स्वतःच्या बागेत खैऱ्या वाढला तो मात्र रोपांतून. एका वर्षी मेलेल्या झाडांच्या जागी लावायला एका रोपवाटिकेतून चाळीस रोपं आणली. घाईत होतो, टेम्पो दारात उभा होता. लावून झाल्यावर आठव्या दिवशी पाणी देताना मी वाकून पाहिलं तर खालच्या पानांवर आणि कोवळ्या काडीवरही बुचासारखे ठिपके. काडीवरचा खैऱ्या वर्षानुवर्षं राहतो आणि दर पावसात नवा जिवाणू सोडतो. चाळीसच्या चाळीस उपटून जाळली. त्या दिवशी मामा माझ्याशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बरं केलंस." तेव्हापासून रोप घेताना मी आधी काडी बघते, मग पान. राहुरी विद्यापीठानं काढलेले साई सरबती आणि फुले शरबती हे वाण आमच्याकडे आता बरेच आहेत. साई सरबती तर खैऱ्याला बऱ्यापैकी सहन करतं. पण डागी रोप आणलं तर वाण कुठलाही असो, बाग डागीच होते.

एक गोष्ट घरातल्या बायका नेहमी विचारतात म्हणून सांगते. खैऱ्या पडलेलं लिंबू आतून चांगलंच असतं. रसात काही उतरत नाही, माणसाला काही होत नाही. नुकसान होतं ते बाजारात, जिथं डागी मालाचा ढीग वेगळा लागतो.

डाग नसताना नुसतीच पानं बिघडली असतील, तर प्रश्न जास्त अवघड. तिथं मी पहिल्यांदा पानाचं वय बघते. झाड काही अन्नद्रव्यं जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी पडतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत तर देठाकडे उलट्या व्ही आकाराचा हिरवा तुकडा राहतो. जस्त आणि लोह मात्र जिथं बसलं तिथं बसलं, त्यामुळे त्यांची कमतरता शेंड्यावर दिसते. लोह कमी असेल तर कोवळं पान पिवळं आणि शिरांची जाळी हिरवीगार. जस्त कमी असेल तर पान बारीक, अरुंद, टोकदार होतं, शिरांमध्ये पिवळे पट्टे पडतात आणि शेंड्याला पानांचा गुच्छ होतो. हाच गुच्छ पाहून लोक "व्हायरस" म्हणतात.

नगर जिल्ह्यात जस्त आणि लोह जमिनीत नसतं असं नाही. चुनखडी त्यांना धरून ठेवते. हे दाखवायला मी एक साधी गोष्ट करते. त्याच झाडाचं एक पिकलं लिंबू कापायचं आणि झाडाखालच्या मातीच्या कोरड्या ढेकळावर पिळायचं. पांढरट खडे असलेल्या मातीत रस पडताच बुडबुडे येतात, कान जवळ नेला तर फसफस ऐकू येते. शेतकरी ढेकूळ हातात घेऊन कानाशी नेतो आणि चेहरा बदलतो. त्या मातीत जस्त टाकण्यापेक्षा नवतीवर फवारलेलं बरं: १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट, आणि पानं भाजू नयेत म्हणून त्यात २५० ग्रॅम चुन्याची निवळी.

आता ती बाग, जी मी विसरू शकत नाही.

चैत्र लागला होता. भीमेकडच्या एका गावातून एक दादा आले, सोबत त्यांची आई. सहा वर्षांची बाग, हस्त बहाराची फळं झाडावर, उन्हाळ्यात लिंबाला भाव म्हणजे वर्षाची कमाई हीच. शेंड्याची पानं त्यांनी दाखवली आणि मलाही धस्स झालं. पानं दोरीसारखी पिळलेली, काही वाटीसारखी वळलेली, शिरा जवळजवळ आलेल्या, कोवळा दांडा वाकून खाली आलेला. डाग एकही नाही. दुकानातून तीन बाटल्या आणून दोनदा फवारून झालं होतं. कोणीतरी सांगितलं होतं की हा व्हायरस, झाडं काढून टाका नाहीतर बाकीची जातील. आईच्या डोळ्यात पाणी होतं. ती झाडं तिनं हंड्यानं पाणी घालून जगवलेली.

मी म्हटलं, बाग बघितल्याशिवाय एकही झाड काढू नका. दुसऱ्या दिवशी गेले.

बांधावरून चालत आत गेले तेव्हा पश्चिमेच्या पहिल्या तीन रांगा सगळ्यात वाईट होत्या. चौथ्या रांगेत झाडाची फक्त पश्चिमेची बाजू. सहाव्या रांगेनंतर काहीच नाही. मावा किंवा पांढरी माशी पसरवते तो विषाणू असा रांगेत उभा राहत नाही. तो इथं एक झाड, तिथं एक झाड असा विखुरतो. मी पान उलटून मावा शोधला, सायला शोधला, फुलकिडे शोधले. काही नाही. आणि जुनी पानं अगदी निरोगी, तुकतुकीत.

पश्चिमेला काय आहे, म्हणून बांधावर गेले. शेजाऱ्याचा सुरू ऊस, दोन महिन्यांचा, तणाचा मागमूस नाही. आणि बांधाच्या अलीकडे आईंनी घरापुरता भाजीपाला केला होता. टोमॅटोची आठ-दहा झाडं, भेंडी, थोडा पावटा. मी खाली बसले. टोमॅटोचे शेंडे पिळलेले. पावट्याची पानं वाटीसारखी. भेंडीचं कोवळं पान चिरून पंजासारखं झालेलं. बांधावरचं गाजरगवतसुद्धा मान मुरगाळल्यासारखं.

तिथंच उलगडा झाला. रोगाचा जंतू निवडक असतो. लिंबावरचा खैऱ्या टोमॅटोवर जात नाही. लिंबू, टोमॅटो, पावटा, भेंडी आणि गाजरगवत, एकमेकांशी नातं नसलेली ही पाच झाडं एकाच आठवड्यात एकाच तऱ्हेनं वाकडी होत असतील, तर तो रोग नाही. ते वरून आलंय.

"दादा, उसात टू-फोर-डी कधी मारलं?"

त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली. तो बिचारा धावत आला. पंधरा दिवसांपूर्वी, दुपारी, वारा होता, पण माणसं दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हती. टू-फोर-डी हे तणनाशक म्हणजे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. ऊस गवताच्या कुळातला, त्याला ते सोसतं. रुंद पानाच्या झाडात मात्र कोवळ्या पेशी बेताल वाढतात आणि पान पिळतं. त्यातला एस्टर प्रकार तर उन्हात वाफ होऊन फवारणीनंतरही वाऱ्याबरोबर जातो. हेच रसायन विदर्भात संत्र्याची फळगळ थांबवायला वापरतात, १०० लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम. त्या मात्रेत ते फळ धरून ठेवतं, आणि उसाच्या मात्रेतला फवारा वाऱ्यानं आला की शेंडा मुरगाळतो.

दोघं शेजारी बांधावर समोरासमोर उभे होते, मधे मी. भांडण होईल असं वाटलं. म्हातारीच म्हणाली, "त्यानं काय मुद्दाम केलं का?" मी त्यांना सांगितलं, झाड काढू नका, आता कसलंही औषध मारू नका, पाणी नेमानं द्या आणि पुढच्या नवतीची वाट बघा. वळलेली पानं सरळ होणार नाहीत. नवी आली तर सरळ येतील. रोग असता तर नवी पानंही वाकडी आली असती. मृगात दादांनी फोनवर फोटो पाठवला. खाली पिळलेली जुनी पानं, वर हिरवी सरळ पालवी. त्या बागेत एकही झाड गेलं नाही.

खरा विषाणूही असतो, हे सांगायलाच हवं. ट्रिस्टेझा हा मावा पसरवतो, आणि कागदी लिंबू त्याला इतकं चटकन लक्षणं दाखवतं की जगभरच्या प्रयोगशाळा लिंबाचं रोप तपासणीसाठीच वापरतात. कोवळं पान उन्हाकडे धरलं तर शिरांचे तुकडे पारदर्शक दिसतात. तसं दिसलं तर मात्र विद्यापीठात किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत नमुना द्यावा, अंदाजावर राहू नये.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पंपात एकदम चार-पाच औषधं मिसळण्याचा. नाव कळलं नाही की लोक सगळंच टाकतात: ताम्र, कीटकनाशक, विद्राव्य खत, चिकटवणारं द्रव, आणि वर स्ट्रेप्टोमायसिन. हे शेवटचं क्षयाच्या रुग्णाला देतात ते औषध. डाग कसला हे ठरवल्याशिवाय ते शेतात ओतणं मला चुकीचं वाटतं, आणि जिवाणूला त्याची सवय होते हे तर ठाऊकच आहे. खैऱ्याला आमच्या घरी अजून बोर्डो मिश्रणच चालतं. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यात १८८२ साली मिलार्दे यांच्या लक्षात आलं की रस्त्यालगतच्या ज्या वेलींना चोरांना भीती वाटावी म्हणून हे निळं मिश्रण फासलं होतं, त्यांचीच पानं टिकली. मिश्रण बरोबर झालं का हे मामा विळ्यानं बघायचे. चकचकीत पातं मिनिटभर बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी, आणखी निवळी ओता. मीही तेच करते. पाऊस उघडल्यावर डागी काड्या छाटून जाळायच्या आणि मग हे फवारायचं.

पारगावचे काका तिसऱ्या दिवशी परत आले. या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन फांद्या, आणि फोनमध्ये बागेचे चार फोटो. फांदी ओट्यावर पसरली. अंगठा फिरवला, खरखर नाही. ठिपके सपाट, फक्त वरच्या बाजूला, आणि जास्त करून पानाच्या टोकाशी, जिथं थेंब ओघळून थांबतो. शेंड्याची नंतर आलेली चार पानं एकदम स्वच्छ. त्याखालची सहा-सात पानं, सगळी एकाच वयाची, सगळी भाजलेली. फोटोत पाहिलं तर बागेतली सगळी झाडं सारखीच, बांधाकडची आणि मधली असा भेदच नाही.

मी ती फांदी काकांच्या हातात दिली आणि बोटानं ती रेघ दाखवली, जिथं डाग संपतात आणि स्वच्छ पानं सुरू होतात. "काका, ही रेघ म्हणजे एक तारीख आहे. त्या सुमारास झाडावर काय पडलं?"

काकांनी फांदीकडे बराच वेळ पाहिलं. मग फोन काढला आणि मुलाला लावला. "आरं, पोळ्याच्या आदल्या दिवशी पंपात काय काय टाकलं होतं रं?"